‘अथी कोठा होता, सायेब’

प्रश्न असा आला आहे: "मी एम.एस्सी. कृषिविद्येचा विद्यार्थी. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू कपाशीत शेतकरी स्वतःच्या अनुभवानं काय काय करतात, यावर प्रबंध करायचा विचार आहे. मार्गदर्शक म्हणतात, शेतकऱ्याचं बोलणं ऐकीव असतं, त्यावर शोधनिबंध उभा राहत नाही. खरंच या अनुभवाला संशोधनात किंमत आहे का? आणि असेल तर तो प्रबंधात आणायचा कसा?"

तुमच्या मार्गदर्शकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, म्हणून आधी तेच घेतो. शेतकरी जे सांगतो त्यात दोन गोष्टी एकात एक गुंतलेल्या असतात: त्यानं काय पाहिलं, आणि ते कशामुळे झालं असं त्याला वाटतं. पाहिलेलं बहुतेक वेळा खरं निघतं. सांगितलेलं कारण कधी खरं असतं, कधी साफ चुकतं. आणि आपण शिकलेली मंडळी काय करतो, तर कारण चुकलेलं दिसलं की पाहिलेलंही त्याच्यासोबत उकिरड्यावर टाकतो. यवतमाळ आणि वर्ध्याकडच्या वावरांत मी एकोणतीस वर्षं चाचण्या घेतल्या. माझ्या हातून सगळ्यात जास्त नुकसान याच सवयीनं झालं.

लाल्याचंच घ्या. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, पानं लाल पडली की शेतकरी म्हणतो, रोग आला. मग कृषी केंद्रातून बुरशीनाशक आणतो, सोबत दुकानदारानं हातात दिलेली आणखी एक बाटली, आणि एकाच पंपात दोन्ही मारतो. पैसे वाया. लाल्या हा बुरशीचा रोग नाही. बोंडं भरायच्या वेळी झाडाला नत्र कमी पडतं, मॅग्नेशियम कमी पडतं, त्यात रात्री गार व्हायला लागतात, आणि पानातला हिरवेपणा ओसरून लाली वर येते. म्हणून वेळेत 2 टक्के युरियाची किंवा डीएपीची आणि मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी सांगतात. म्हणजे कारणात शेतकरी चुकला. पण त्याच शेतकऱ्याला विचारा, लाल्या आधी कुठे दिसतो? तो बोट दाखवेल: "त्या बरडावर आधी येते, मंग खाली उतरते. अन ज्या झाडाले बोंडं जास्त, थे आधी लाल होते." हलकी जमीन आणि बोंडांचा भार. अन्नद्रव्यांच्या कमतरतेचं याहून नेमकं वर्णन कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे ते मला सांगा. त्याला मॅग्नेशियम हा शब्द ठाऊक नव्हता, एवढंच.

तेव्हा वहीत पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे त्यानं पाहिलेलं, त्याच्या शब्दांत. उजवीकडे त्यानं लावलेलं कारण. डावी बाजू ही तुमची सामग्री. उजवी बाजू ही गृहीतकं, ती तपासायची. मार्गदर्शकांना हे असं दाखवलंत तर त्यांचा अर्धा विरोध तिथेच मावळेल.

आता मथळ्यातल्या कोठ्याकडे, म्हणजे गुरांच्या गोठ्याकडे, येतो. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात कपाशीला खताच्या मात्रांची चाचणी होती. यादृच्छिक गट रचना, चार पुनरावृत्त्या, चिठ्ठ्या टाकून वाफे नेमलेले, सगळं नियमाप्रमाणे. आम्ही खुंट्या ठोकत असताना वावराच्या मालकाचे वडील धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाखाली बसले होते. सत्तरीच्या पुढचे. थोड्या वेळानं काठी टेकत आले आणि तिसऱ्या पुनरावृत्तीच्या कोपऱ्यात उभं राहून म्हणाले, "सायेब, हा तुकडा तुमच्या हिशेबात धरू नका. अथी कोठा होता. आमच्या बाबाच्या वक्ताचा. अथी तुमी काईबी पेरा, येतेच." मी हसून "बरं बरं आजोबा" म्हणालो आणि खुंट्या ठोकायला लावल्या. चिठ्ठ्या टाकल्या आहेत म्हटल्यावर मी काय बदलणार? पुन्हा उन्हं चढत होती, जीप दुसऱ्या गावाला जायची होती.

ऑक्टोबरात त्या कोपऱ्यातले दोन वाफे डोळ्यांत भरण्याइतके वेगळे दिसत होते. पिढ्यान्‌पिढ्या जिथं बैल बांधले, शेण-मूत जिरलं, कडब्याचा चुरा तुडवला गेला, त्या जागेवर झाडं छातीला लागत होती आणि बाजूच्या वाफ्यांत कमरेला. त्यात योगायोग असा, की आमच्या शिफारशीची पूर्ण मात्रा नेमकी त्यातल्या एका वाफ्यात पडली होती. म्हणजे निकाल आम्हाला हवा तसाच लागत होता! सांख्यिकीच्या तक्त्यात सीव्ही, म्हणजे आकड्यांतल्या चढउताराचं टक्क्यांतलं माप, 20 च्या वर गेला तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. त्या जागेची चाचणी शेवटी सोडून द्यावी लागली. एक हंगाम, चार मजुरांची रोजी, वर्षभराच्या चकरा. म्हाताऱ्यानं ते दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं, आणि तेही खुंट्या ठोकायच्या दिवशी.

गट रचनेचं सगळं तत्त्वच हे आहे की एका गटातली जमीन शक्यतो सारखी असावी. ती सारखी आहे की नाही हे आपण उताराकडे पाहून आणि फार तर माती परीक्षणाचे पाच-सहा नमुने घेऊन ठरवतो. ज्यानं त्या वावरात चाळीस वर्षं वखर धरला, त्याला कुठे बैलं ओढायला कुरकुरतात, कुठे तास नीट निघत नाही, पावसाळ्यात कुठे पाय रुतून पाणी तीन दिवस साचतं, कुठे बाभूळ तोडली होती, हे सगळं पाठ असतं. पुढे मी एक नियमच केला. खुंट्या ठोकायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासोबत आणि वावर वाहणाऱ्या सालदारासोबत एक चक्कर मारायची, आणि त्यांनी सांगितलेल्या जागा कागदावर काढून गट त्याप्रमाणे पाडायचे. यात सांख्यिकीचा कुठलाही नियम मोडत नाही, उलट पाळला जातो. तुमच्या प्रबंधात बाकी काही जमलं नाही तरी हे एवढं करा.

चुकलेलं आणखी एक सांगतो. याची बोच जास्त आहे.

2017 च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते तुम्ही लहान असताना पाहिलं असेल. त्याआधीच्या हंगामातली गोष्ट. वेचणी चालू होती, मी बायांसोबत तासात चालत होतो. एकीनं ओटीतला कापूस उपसून दाखवला: "यंदा कवडीच लय निघून राह्यली, भाऊ. बोंड वरून हिरवंगार दिसते, अन फोडलं का आत सडेल." दुसरी म्हणाली, गेल्या साली एवढी नव्हती. कवडी म्हणजे किडकं, पिवळं पडलेलं, नीट न उमललेलं पाकळीचं बोंड. व्यापारी त्याचा भाव पाडतो. मी ते वहीत लिहून घेतलं. पण अहवालाच्या नमुन्यात रकाने होते झाडांची उंची, फांद्यांची संख्या, बोंडांची संख्या, बोंडाचं वजन, उत्पादन. ‘बायांनी सांगितलं’ हे कुठल्या रकान्यात लिहायचं? नाही लिहिलं.

आता यात मौज बघा. गुलाबी अळी लहान असतानाच बोंडात शिरते आणि शिरल्याचं भोक बुजून जातं. बाहेरून मोजणाऱ्याला बोंड निरोगी दिसतं. हिरवी बोंडं फोडून पाहिल्याशिवाय काही कळत नाही, आणि सर्वेक्षणात किती जण फोडून पाहत होते? वेचणाऱ्या बाईच्या हातातून मात्र दिवसाला हजारो बोंडं जातात, आणि तिची मजुरी किलोवर असते. कवडी वाढली की तेवढ्याच मेहनतीत तिचं वजन कमी भरतं. म्हणून तिला ते सगळ्यांच्या आधी कळतं. आज कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की उपाय करा, असं सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण सापळ्याच्या जोडीला वेचणाऱ्या चार बायांना दर आठवड्याला "कवडी किती?" एवढंच विचारून लिहून ठेवलं असतं, तर आपल्याकडे एका हंगामाची आगाऊ वर्दी होती.

यावरून आणखी एक. आपण ‘शेतकरी’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर सातबाऱ्यावर नाव असलेला पुरुष येतो. विदर्भातल्या कपाशीत निंदण बायांचं, वेचणी बायांची. वाणाची पारख त्यांची वेगळी असते. एका सरळ वाणाच्या देशी कपाशीचं बियाणं आम्ही हौसेनं गावात दिलं होतं. हलक्या जमिनीत तग धरते, रसशोषक किडी कमी, खर्च कमी. मालक खूश. पुढच्या साली कोणी पेरेना. कारण विचारलं तर मालक म्हणतात, "नाई जमलं." त्यांच्या घरातून खरं कारण कळलं: बोंड लहान, टोकं बोटांत घुसतात, वेचायला दुप्पट वेळ, आणि दोन दिवस उशीर झाला की वाऱ्यानं कापूस खाली गळून मातीत. त्या वावरात वेचायला बायाच येईनात. आमच्या तक्त्यात हेक्टरी उत्पादन होतं, रुईचा उतारा होता, धाग्याची लांबी होती. एका बाईनं दिवसाला किती किलो वेचला, हा रकाना नव्हता. वाण तिथं पडला.

तुम्ही विचाराल, मग मी गावात जाऊन विचारू काय? "तुमच्या पारंपरिक पद्धती कोणत्या?" हे तर मुळीच विचारू नका. त्या प्रश्नाला लोक भाषण करतात, किंवा तुम्हाला जे ऐकायला आवडेल ते देतात. मला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न असा: "गेल्या दहा-पंधरा वर्षांत तुम्ही काय करणं बंद केलं, आणि काऊन?" माणूस जे सोडतो त्यात त्याचा सगळा हिशेब असतो.

आपल्याकडची जुनी पेरणी आठवा. कपाशीच्या तासांत मधे ज्वारी, मग तूर. अकोल्याच्या विद्यापीठाची कापूस, ज्वारी, तूर, ज्वारी अशी 6:1:2:1 ओळींची शिफारस आहे. ती वाचून वऱ्हाडातला कुठलाही जुना माणूस म्हणेल, हे तर आमच्या बापाच्या तिफणीत होतं. ज्वारीवर पाखरं बसत, ती अळ्या टिपत. ज्वारीवरच्या माव्यावर पोसलेले ढालकिडे पुढे कपाशीवर उतरत. घरात भाकरी, बैलाला कडबा, तुरीचा पाला जमिनीला. एवढं सगळं असूनही लोकांनी ज्वारी सोडली. का? संशोधनात उत्तर शोधाल तर ‘सोयाबीनचा आर्थिक फायदा’ असं सापडेल, आणि ते खोटं नाही. धुऱ्यावर बसून विचाराल तर ऐकायला मिळेल: रोही (नीलगाई) आणि रानडुकरं. पाखरं राखायला पोरं नाहीत, शाळेत गेली. एकट्यानं ज्वारी पेरली तर गावभरची पाखरं त्याच्याच वावरात. म्हणजे ही पद्धत एका शेतकऱ्यानं एकट्यानं परत आणण्यासारखी राहिलेलीच नाही, शिवारातल्या दहा जणांनी मिळून पेरली तरच चालेल. हा निष्कर्ष कुठल्याही खत-मात्रेच्या चाचणीतून निघाला नसता, आणि तुमच्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण त्यावर होऊ शकतं.

विचारायची वेळही सांभाळा. ग्रामपंचायतीच्या सभागृहात सतरंजीवर बसवून विचाराल तर गावातले चार बोलके तेच बोलतील. निंदणाच्या तासात, किंवा दुपारच्या भाकरीला, किंवा संध्याकाळी बैलं सोडल्यावर जा. सालदाराला मालकासमोर विचारू नका. आणि ऐकलेला शब्द सुधारून लिहू नका. ‘बरड’, ‘चोपण’, ‘भारी’ हे शब्द तुम्ही ‘हलकी जमीन’, ‘क्षारयुक्त जमीन’ असे करून टाकलेत की त्यातली अर्धी माहिती गेली. ओलीचंही तसंच. आपण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरा म्हणतो. शेतकरी मातीत हात घालतो, मुठीत लाडू वळतो का पाहतो, भेगा बुजल्या का पाहतो. पर्जन्यमापकातला तोच आकडा भारी काळीत आणि बरडावर दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. मुठीतला लाडू जमीन धरून सांगतो. ही दोन्ही मापं एकाच दिवशी, वेगवेगळ्या जमिनींत घेऊन जुळवून पाहणं हेच एक छान छोटं काम आहे. फारसा खर्चही नाही.

आता चाचणी मांडायची कशी. इथे आपल्या क्षेत्रातली एक लबाडी सांगायलाच हवी. शेकडो प्रबंधांत एक वाफा असतो, ‘शेतकऱ्याची पद्धत’. तो बहुतेक वेळा कार्यालयात बसून रचलेला असतो: खत अर्धं, फवारणी शून्य, निंदण एक. असा शेतकरी शोधूनही सापडत नाही. शिफारस जिंकावी म्हणून उभं केलेलं ते बुजगावणं असतं. तुम्ही तो वाफा खऱ्या शेतकऱ्याला त्याच्या मनाप्रमाणे करू द्या, त्यानं काय केलं आणि कधी केलं ते तारखेनिशी लिहा, आणि मग तुलना करा. शिफारस हरली तर हरू द्या. हरण्याचं कारण सापडलं तर तोच निष्कर्ष.

रचना सोपी ठेवा. पूर्ण चाचणी, सगळ्या मात्रांसह, एका जागी, केंद्रावर किंवा एका शेतात. तिच्या भोवती बारा-पंधरा शेतकरी, प्रत्येकाकडे फक्त दोन किंवा तीन वाफे: त्याची स्वतःची पद्धत, आणि तुमच्या यादीतून त्यानं स्वतः निवडलेल्या एक-दोन गोष्टी. प्रत्येक शेतकरी म्हणजे एक पुनरावृत्ती. कोणी काय निवडलं आणि काय टाळलं ही सुद्धा माहितीच. विश्लेषणाची पद्धत तुमचे सांख्यिकीचे प्राध्यापक सांगतील, यात त्यांना नवं काही नाही. हेक्टरी क्विंटलसोबत रुपयाला रुपया किती आणि एका रोजीमागे किती, हेही काढा. कोरडवाहू माणूस हेक्टरात विचार करत नाही. जुलैत हातात असलेल्या पैशात आणि माणसांत करतो.

आपल्या शिफारशींतली एक ओळ मला फार आवडते: डवरणीच्या, म्हणजे कोळपणीच्या, वेळी डवऱ्याच्या जानकुळाला (पास धरणाऱ्या दांड्यांना) दोरी गुंडाळा, म्हणजे ओळींमधे सरी पडते आणि पाणी मुरतं. सुतळीचा एक वेटोळा, खर्च शून्य, जलसंधारण झालं. रुंद वरंबा सरी यंत्राचं कामही चांगलंच, पण ट्रॅक्टर आणि यंत्र दोन्ही लागतात. बैलजोडीवाला तिफणीनं पेरताना मधे एक तास मोकळा सोडतो आणि पुढे त्यातच डवऱ्यानं सरी ओढतो. दोरीची ती ओळ ज्यानं पहिल्यांदा शिफारशीत लिहिली, तो कधीतरी वावरात डवऱ्याच्या मागे चालला असणार, याबद्दल मला शंका नाही.

श्रेयाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांची हकिगत तुम्हाला माहीत असेल. शिक्षण जेमतेम, जमीन दीड एकराच्या आसपास. 1983 साली पटेल-3 धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, दरवर्षी निवडत गेले. त्यातून बारीक दाण्याचा, भात चवदार होणारा वाण आला, आणि त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नावावरून त्याला एचएमटी म्हणायला लागले. 1994 मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या (पीकेव्ही) सिंदेवाही केंद्रानं त्यांच्याकडून बियाणं नेलं. 1998 मध्ये पीकेव्ही-एचएमटी प्रसारित झाला. शुद्धीकरण आमचं, असं विद्यापीठाचं म्हणणं. मूळ निवड माझी, असं दादाजींचं. 2018 मध्ये ते गेले तेव्हाही हा वाद लोकांच्या तोंडी होता. शुद्धीकरण हे खरं काम आहे, मी ते कमी लेखत नाही. पण हजारो लोंब्यांत ती वेगळी लोंबी कोणाच्या नजरेनं टिपली, हे वाणाच्या कागदावर लिहायला किती शाई लागली असती?

2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं आता शेतकऱ्यालाही वाणाची नोंदणी करता येते, त्याच्याकडून शुल्क घेत नाहीत. तुम्ही गावातून मूठभर बियाणं जरी आणलंत तरी दोन प्रतींत चिठ्ठी करा: कोणाकडून, कोणत्या तारखेला, किती, कशासाठी. एक प्रत त्याच्याकडे. प्रबंधात नाव छापायचं की नाही हे त्यालाच विचारा. काहींना हवं असतं, काहींना शेजाऱ्यांच्या बोलण्याची भीती असते.

राहिले मार्गदर्शक. त्यांच्याशी खोलीत वाद घालू नका. रेघ मारलेली वही दाखवा, आणि एका शनिवारी त्यांना गावात न्या. मोटारसायकलवर मागे बसवून न्या, सरकारी पाटीच्या गाडीत नको. पाटीची गाडी आली की लोक अनुदानाचं आणि विम्याचं बोलायला लागतात, आणि मग दिवसभर बरडाचं कोणी बोलत नाही.